कागदी नाटकाचे वंशज

जपानी चित्रकथा म्हणजे मांगा आणि जपानी चलत्-चित्रपट म्हणजे ॲनिमे यांची वंशावळ चित्रकार होकुसाईच्या चित्रसंग्रहांपासून आरंभण्याचा प्रघात आहे. मात्र या कलांचा व्यवहार घडवणारा अधिक जवळचा पूर्वज ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदी नाटक, हा रस्त्यावरचा खेळ होय.

१९३० च्या सुमारास मंदीने टोकियोत बेकारी वाढली, तेव्हा हा खेळ फोफावला. खेळवाला सायकलच्या मागे लाकडी चौकट बांधून गल्लीत येई, ‘ह्योशिगी’ नावाच्या लाकडी टिपऱ्या वाजवून मुले गोळा करी, आधी मिठाई विके आणि मगच चौकटीतील चित्रे एकेक करून बाहेर ओढत कथा सांगे. खेळाला तिकीट नसे, मिळकत मिठाईचीच. त्यामुळे मूल दुसऱ्या दिवशीही पैसे घेऊन यावे अशा अडचणीच्या जागी कथा तोडणे, हे कलेपेक्षा पोटाचे शास्त्र होते. हाताने रंगवलेले संच खेळवाल्यांना भाड्याने मिळत. चित्र अर्धेच ओढले की मागचे अर्धवट उघडे पडे, आणि स्थिर चित्रांतून हालचालीचा भास होई. याच काळात कवटीच्या तोंडाचा, झगा पांघरलेला ‘ओगोन बाट्टो’ हा नायक जन्मला. तो १९३८ च्या सुपरमॅनहून वडील आहे, हे खरे; परंतु तेवढ्यावरून त्याला सुपरमॅनचा जनक ठरवणे उतावीळपणाचे होईल.

१९५३ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली आणि लोक तिला ‘देन्की कामिशिबाई’, म्हणजे विजेचे कागदी नाटक, म्हणू लागले. खेळ ओसरला, तेव्हा मिझुकी शिगेरू, शिराटो सान्पेई यांसारखे चित्रकार भाड्याने वाचायला मिळणाऱ्या मांगा-पुस्तकांकडे वळले. मिझुकींचा भुताटकीच्या जगात वावरणारा कितारो मूळचा कामिशिबाईतलाच, आणि १९६८ मध्ये तो ॲनिमेत अवतरला.

मांगाकार तेझुका ओसामू या खेळातून आलेले नव्हते. तरीही १ जानेवारी १९६३ पासून दाखवल्या गेलेल्या त्यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेत मोजकी चित्रे, दीर्घकाळ स्थिर राहणारी दृश्ये आणि आवाजावर सोपवलेले नाट्य हीच काटकसर दिसते. वाहिनीला मालिका निर्मितीखर्चाहून कमी किमतीत दिल्याने येणारी तूट पात्राच्या वापराचे हक्क विकून भरून काढावी लागे. प्रायोजक मेइजी सेइका ही मिठाई कंपनी असल्याने आतोमुचे चिकटचित्र चॉकलेटसोबत मिळू लागले. त्याच वर्षी अमेरिकेतील एनबीसीने मालिकेचे हक्क घेतले आणि पात्रांची नावे बदलून, इंग्रजी संवाद घालून ती ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून स्थानिक वाहिन्यांना पुरवली.