गोड्या पाण्यातील खेकडा आणि मातृवंशाची पोथी

प्राण्यांच्या पेशींतील तंतुकणिकांना स्वतःचा असा एक लहानसा, बहुधा वलयाकार जनुकसंच असतो आणि तो सामान्यतः केवळ मातेकडूनच अपत्यास प्राप्त होतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ह्या गोष्टीचे विशेष महत्त्व वाटावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा समान पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे लावावी लागली. परंतु एकाच लेखनिकाने अनेक पोथ्या पाहिल्यामुळे ही कुळे परस्परांत मिसळलेली होती. तंतुकणिकेच्या पोथीत असा संकर क्वचितच संभवतो.

ही पोथी वाचण्याची सुलभ रीत फ्रेडरिक सँगर ह्यांनी १९७७ मध्ये दिली. १९८१ मध्ये मानवाच्या तंतुकणिकेतील १६,५६९ अक्षरे वाचून झाली, तर १९९९ मध्ये डॅफ्निया प्युलेक्स ह्या डबक्यांतील सूक्ष्म कवचधारी जीवाची १५,३३३. पुढे २००५ मध्ये जिओथेल्फ्युसा देहानी ह्या जपानी खेकड्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात जनुकांच्या द्विरुक्तीच्या खुणा आढळल्या. लेखनिकाने एकच ओळ दोनदा उतरावी, तसाच हा प्रकार होय.

नाशिकच्या अभ्यासकास ह्यातून एक प्रश्न सुचतो. गोड्या पाण्यातील खेकड्याच्या अंड्यातून चिमुकला खेकडाच बाहेर पडतो व काही काळ आईच्या उदराखाली राहतो. प्रवाहाबरोबर दूरवर पसरणारी डिंभावस्था त्यास नसते. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेस वाहते, वैतरणा पश्चिमेस. ह्या दोन खोऱ्यांतील खेकडे एकमेकांपासून केव्हा दुरावले, हे त्यांच्या पाठभेदांवरून अजमावता येईल.

तथापि, अक्षरे लागली म्हणजे पोथी कोणाची हे कळलेच असे नाही. १८३६ मध्ये साइक्स व वेस्टवुड ह्यांनी दख्खनच्या खेकड्यांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यातील 'क्युनिक्युलॅरिस' हे जातिनाम लॅटिनमधील ससा किंवा बीळ ह्या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस ह्या नावाखाली आज एकच वंश आहे की अनेक, हे ठरविण्यास नमुना, त्याचे नेमके प्राप्तिस्थान आणि पित्याचाही वारसा सांगणारी केंद्रकातील जनुके, ही तिन्ही हवीत. नमुना जतन न करता नोंदविलेला अक्षरक्रम म्हणजे पुष्पिका हरवलेली पोथी: वाचता येते, पण तिचे स्थळ व कूळ सांगता येत नाही.