वार्तिक आणि भाष्य : संस्कृत व्याकरणातील टीकापरंपरेचे स्वरूप

प्रास्ताविक : संस्कृत व्याकरणशास्त्राचा इतिहास बहुतांशी टीकाग्रंथांचा इतिहास आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत. त्यांतील अनेक सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके रचली आणि इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्य लिहिले. कात्यायन हा पाणिनीचा विरोधक होता काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वादाचा ठरला. त्या वादाच्या आधारे टीकापरंपरेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वार्तिकांचे स्थान : उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार करणारी रचना म्हणजे वार्तिक, अशी पारंपरिक व्याख्या आहे. मूळ ग्रंथात काय सांगितले, काय राहिले आणि काय सदोष आहे, हे तपासण्याचा टीकाकाराचा अधिकार तीत गृहीत धरलेला आहे. मात्र कात्यायनाची वार्तिके स्वतंत्र ग्रंथरूपाने उपलब्ध नाहीत. ती महाभाष्यातच गुंफलेली आढळतात. त्यामुळे कोणते वाक्य कात्यायनाचे व कोणते पतंजलीचे, हे ठरविल्याशिवाय त्याच्या भूमिकेविषयी निर्णय देणे शक्य नव्हते.

कीलहॉर्न यांचे कार्य : गोल्डस्टुकर यांनी १८६१ मध्ये कात्यायनाला पाणिनीचा प्रतिकूल टीकाकार ठरविले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८७६ च्या पुस्तिकेत या मताचा प्रतिवाद केला. कात्यायन अनेक ठिकाणी शंका उपस्थित करून स्वतःच तिचे समाधान करतो. आक्षेप हा त्याच्या विवेचनपद्धतीचा भाग आहे, हे त्यांनी दाखविले. पुढे १८८० ते १८८५ या काळात त्यांनी महाभाष्याची तीन खंडांतील आवृत्ती सिद्ध केली व तीत वार्तिके स्वतंत्रपणे दर्शविली.

उत्तरकालीन परंपरा : पतंजलीनेही काही सूत्रे अनावश्यक ठरविली आहेत. तरीही तीन मुनींपैकी उत्तरोत्तर मुनी अधिक प्रमाण, असाच दंडक वैयाकरणांनी स्वीकारला. महाभाष्यावर कैयटाने ‘प्रदीप’ आणि प्रदीपावर काशीतील महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांनी ‘उद्द्योत’ रचला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या अनुवादामुळे महाभाष्य मराठीतही उपलब्ध झाले.

समारोप : टीका म्हणजे मूळ ग्रंथाची पुनरुक्ती, हा समज व्याकरणपरंपरेला लागू पडत नाही. येथे आदर आणि आक्षेप परस्परविरोधी नव्हते. टीकाकाराने दोष दाखवूनही पाणिनीचे शास्त्र टिकले, किंबहुना त्या चिकित्सेमुळेच ते उपयोगक्षम राहिले.