सह्याद्रीतला बर्फ कुठे साठतो?

अमेरिका-कॅनडातल्या नद्यांवर कनू (लांबट, हलकी, वल्ह्यांनी चालवायची होडी) घेऊन आठ-आठ दिवस रानात भटकणारे लोक असतात. मे-जूनची ट्रिप ठरवताना ते तंबू आणि खाण्यापिण्याच्या आधी एक गोष्ट बघतात: हिवाळ्यात वरच्या डोंगरांवर बर्फ किती पडला? कमी पडला असेल तर नदी लवकर आटते आणि होडी दगडांवरून ओढत न्यावी लागते. जास्त पडला आणि एकदम ऊन तापलं, वर पाऊसही आला, तर पूर.

या अंदाजाचं शास्त्र केलं ते एका लॅटिनच्या मास्तरांनी! नेवाडा विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स चर्च. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस डोंगरावर चढून बर्फात पोकळ नळी खुपसायचा आणि आतल्या बर्फासकट तिचं वजन करायचा. बर्फ किती फूट आहे यापेक्षा त्यात पाणी किती आहे हे महत्त्वाचं, हा त्यामागचा विचार. त्यावरून वसंतात टाहो सरोवर किती चढेल याचा अंदाज ते बांधू लागले.

आता आपल्याकडे या. सह्याद्रीत बर्फ नाही. पाऊस चार महिने धो धो कोसळतो, आणि दिवाळीनंतर नद्यांमध्ये दगडगोटेच उरतात. तरीही कोलाडला कुंडलिकेवर डिसेंबरातसुद्धा राफ्टिंग चालतं. मे महिन्यात कर्जत-नेरळकडे उल्हास नदी वाहती दिसते. हे पाणी येतं कुठून?

उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. गिरण्यांसाठी घाटातल्या पाण्यावर वीज करायची हे जमशेटजी टाटांचं स्वप्न. ते १९०४ मध्ये गेले, पण काम पुढे चालू राहिलं. १९११ मध्ये लोणावळ्याला वळवण धरणाची पायाभरणी झाली. म्हणजे तिकडे चर्चसाहेब बर्फ मोजत होते, साधारण त्याच सुमारास इकडे पाऊस साठवायची सोय चालली होती. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं, १९२७ मध्ये भिऱ्याचं.

युक्ती मोठी हुशारीची. घाटमाथ्यावरच्या या नद्या मुळात पूर्वेकडे जातात. मुळशीचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांनी ते धरणात अडवलं आणि बोगद्या-पाइपांतून पश्चिमेला, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडलं. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत उतरतं. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला वीज करून उल्हास नदीत येतं.

आणि उल्हास म्हणजे कोण? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, अगदी ठाण्याच्याही नळाचं पाणी मोठ्या प्रमाणात तिच्यातूनच उचललं जातं. बारवी धरणाचा त्यात वाटा आहेच, पण ऐन उन्हाळ्यात डोंबिवलीच्या बादलीत पडणारं थोडं पाणी खरं तर इंद्रायणीच्या खोऱ्यातलं असतं! थोडक्यात काय, घाटमाथ्यावरचे हे तलाव हाच आपला बर्फ. फरक इतकाच, की तिकडे तो ऊन वितळवतं आणि आपल्याकडे विजेची मागणी.

दुसरा फरक मात्र मोठा आहे. डोंगरावर बर्फ साठला म्हणून कुणाचं घर जात नाही. मुळशीत गेलं. १९२१ च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिलं, आणि तुरुंगवासही. तरी धरण झालंच. भातखाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. राफ्टमध्ये बसून आपण जे ओरडतो ना, ते त्या पाण्यावर.

भांडण अजून संपलेलं नाही. हे पाणी भीमेच्या खोऱ्यातलं, ते कोकणात सोडून समुद्राला का मिळवता, आम्हाला परत द्या, अशी मागणी दुष्काळी भागातून होत आली आहे. त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही. पण उद्या ते पूर्वेला वळलं तर कोलाडच्या राफ्टवाल्यांचं काय, आणि उन्हाळ्यात उल्हास नदीचं काय? म्हणजे आपल्या नळांचं काय? या प्रश्नाचा विचार ठाणे जिल्ह्यात फारसा कुणी करताना दिसत नाही.

असो. पुराचं काय? बर्फाचा पूर आठवडे आधी चाहूल देतो, आपला तासाभरात येतो. घाटावर पडलेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यात उतरायला वेळच लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्या पावसात कल्याण-बदलापूरही बुडालं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटी आणून सोडवावं लागलं. त्यामुळे पावसाळ्यात उल्हासमध्ये होडी घालायचा विचार कुणी करत असेल तर कृपया नको. आपल्याकडे आभाळ निरभ्र आहे एवढं पुरत नाही, घाटावर काय चाललंय ते बघावं लागतं.

कोलाडचा बेत असेल तर आदल्या दिवशी फोन करून भिऱ्याहून पाणी कधी सुटणार ते विचारा, आणि कोरड्या दिसणाऱ्या पात्रात उगाच उतरू नका. पाणी सुटलं की पातळी बघता बघता चढते. आणि येताना जमलं तर वाट वाकडी करून ताम्हिणीतून या. वर मुळशीचा जलाशय दिसेल. सकाळी ज्या लाटांवर हेलकावे खाल्ले ते पाणी तिथलं, आणि त्याखाली गावं आहेत.