सायलेन्सर उजवीकडेच का?

माझ्या उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा एक डाग आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल. बाबांच्या मोटरसायकलवरून उतरताना 'डावीकडून उतर' हे ऐकायच्या आत मी उजवीकडे उडी मारली होती. मग बोंबाबोंब, आईची धावपळ आणि बर्नॉलचा पिवळा थर. असो.

गेल्या शनिवारी लेकाला स्कूटरवर पुढे उभं करून जात होतो. सिग्नलला एका टेंपोच्या उजव्या अंगाला थांबलो, आणि दिवा हिरवा होताच टेंपोने काळ्या धुराचा लोट थेट आमच्या तोंडावर सोडला. खोकला थांबल्यावर पोरगं विचारतं, "बाबा, ह्याचा सायलेन्सर इकडेच का?" उत्तर माहीत नव्हतं. शनिवार-रविवार त्यातच गेला.

मोटरसायकलचं कोडं लवकर सुटलं. बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे, साइड स्टँड डावीकडे, म्हणजे उभी केली की गाडी डावीकडे कलते. तापलेल्या नळीला जागा उरली ती उजवी. माणूसही डावीकडूनच चढतो-उतरतो. (घोड्यावर डावीकडून चढायचं, कारण तलवार डाव्या कमरेला, आणि तीच सवय दुचाकीला चिकटली असं सांगतात. ऐकायला झकास आहे.) आपल्याकडे साडी नेसलेल्या बायका मागे एका बाजूला पाय सोडून बसतात, तेही डावीकडे. त्यांच्यासाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी असा चक्क नियम आहे. थोडक्यात, डावी बाजू माणसांची आणि उजवी यंत्राची.

पण चारचाकीला ना चेन, ना साइड स्टँड. तिथे काय?

थोडं मागे जाऊ. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्या काळी रस्त्यावर घोडे होते आणि इंजिनाच्या फटफटाटाने ते बुजायचे. म्हणजे आधी पंचाईत आवाजाची होती, धुराचा विचार नंतर आला. (याच मिल्टनने १९११ साली आठ चाकांची मोटार काढली. चाकं जास्त म्हणजे धक्के कमी, हा हिशोब. कोणी घेतली नाही. आपल्याकडेही असे आर्किटेक्ट असतात :-))

आता आपला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम ११२ सांगतो की गाडीचा धूर खाली सोडायचा नाही आणि डावीकडेही सोडायचा नाही. मागे सोडा नाहीतर उजवीकडे. खाली नको, कारण रस्त्यावरची धूळ उडते. डावीकडे का नको? आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे डावीकडे फुटपाथ, बसस्टॉप, शाळेतून सुटलेली पोरं. बसचं दारही डावीकडे. उजवीकडून जिथे वाहतूक चालते तिथे हेच चित्र आरशात बघायचं. अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूलबसचं दार उजवीकडे, म्हणून नळी सहसा डाव्या अंगाला किंवा मागे.

(डावं-उजवं बऱ्याचदा शेजाऱ्यांवरून ठरतं. पोर्तुगाल १९२८ मध्ये डावीकडून उजवीकडे गेला, पण त्यांचा गोवा डावीकडेच राहिला, कारण तीन बाजूंना ब्रिटिश हिंदुस्थान आणि चौथीला समुद्र.)

१९८९ साली हा नियम गंमतीचा नव्हता. पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते देशभरातून हद्दपार झालं २००० साली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला, त्याआधी नळीतून कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा बाहेर. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. त्यात मोटारीची नळी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, म्हणजे फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या लहान मुलाच्या नाकापासून फार लांब नाही. ज्याने कोणी 'डावीकडे नको' असं लिहिलं त्याला मी मार्क देतो.

मग तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीची नळी तर डावीकडे आहे, आम्ही गुन्हेगार का? नाही. नियम धुराच्या दिशेबद्दल बोलतो, नळीच्या जागेबद्दल नाही. नळी बंपरच्या डाव्या टोकाला असो, तोंड मागे असलं की झालं. इथून पुढे फुटपाथ सुटतो आणि कारखान्याचं गणित सुरू होतं. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, डिकीखाली स्टेपनीचा खड्डा, आणि त्याच्या शेजारी उरेल त्या जागेत तो जाडजूड डबा बसवायचा. पेट्रोल भरायची नळी ज्या बाजूला, तिच्यापासून तापलेला डबा जमेल तितका लांब. (आपल्या नियमांत धुराची नळी आणि इंधनाची नळी यांच्यात किमान ३५ मिलिमीटर अंतर सांगितलंय.) त्यात तीच गाडी जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे विकायची असते. स्टीअरिंग नाइलाजाने हलवतात, पण त्यापायी गाडीचा तळ उलटा कोण करणार? आपण दुसऱ्या देशाच्या क्लायंटसाठी स्क्रीन बदलतो, डेटाबेसला हात लावत नाही, तसंच. म्हणून पार्किंगमध्ये फिरलात तर दोन्ही प्रकार दिसतील, आणि दोन्हीकडे दोन नळ्या लावलेले हौशीही.

ट्रक-टेंपोंना हे लाड नाहीत. तिथे उजवीकडे म्हणजे उजवीकडे, तेही अनेकदा मधेच, चाकांच्या अलीकडे. आणि इथेच मला तो नियम खटकतो. त्याच्या डोळ्यासमोरचा रस्ता असा आहे: डावीकडे फुटपाथ, त्यावर माणसं, आणि उजवीकडे मोकळी जागा. आपल्याकडे ट्रकच्या उजवीकडे कोण असतं? ओव्हरटेक करणारा दुचाकीवाला. कात्रजच्या घाटात, सायलेन्सरच्या बरोब्बर रेषेत, काच नसलेल्या हेल्मेटमध्ये (किंवा हेल्मेटशिवाय). फुटपाथवरच्या माणसाला वाचवताना धूर त्याच्या तोंडावर वळवला गेला. १९८९ मध्ये दुचाक्या काही कमी नव्हत्या, पण नियम लिहिताना त्या कुणाच्या डोळ्यासमोर होत्या असं वाटत नाही.

जपानही आपल्यासारखाच डावीकडून चालतो. त्यांनी कितीतरी वर्षं नळीचं तोंड डावीकडे नको आणि उजवीकडेही नको, असं ठेवलं होतं. गाड्यांचा धूर पुरेसा स्वच्छ झाल्यावर २०१७ मध्ये ती अट काढली. आपल्याकडे बीएस-सहा २०२० मध्ये आलं, त्यामुळे नव्या गाड्यांच्या उजवीकडे उभं राहणं पूर्वीइतकं वाईट नाही. पण शनिवारचा तो टेंपो काही नवा नव्हता.

पोराला एवढं सगळं सांगितलं नाही. "डावीकडे लोक चालतात ना, म्हणून," एवढंच म्हणालो. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग आपणपण डावीकडे थांबू या." रविवारी भाजी आणायला गेलो तेव्हा सिग्नलला पुढे एक ट्रक होता. मी मागेच थांबलो, नळी कुठे आहे ते बघितलं, आणि मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकत बसलो.