जुन्या बंदुकीचें जन्मपत्र

जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेली छऱ्यांची दुनळी बंदूक पाहिली म्हणजे आपली दृष्टि प्रथम तिच्या नक्षीवर आणि नळीवर कोरलेल्या नांवावर जाते. पण नांव कोरणें सोपें. लंडनचा विख्यात कारागीर जोसेफ मँटन (१७६६–१८३५) याचें नांव इतरांनीं अनेकदां चोरलें. म्हणून जाणता पारखी आंत काडतूस नाहीं याची खात्री करून नळ्या सोडवितो व त्यांची खालची बाजू पाहतो. तेथें कसोटीचे छाप असतात.

अशा पुष्कळ बंदुका विलायतेंत घडलेल्या. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं राजसनद मिळाली. बर्मिंगहॅमचें कसोटीगृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. नेहमींपेक्षां जबर बार उडवून नळी टिकली, तरच तिच्यावर छाप उमटतो. छापांचे प्रकार बदलत गेल्यानें ते काळहि सांगतात : तोंडाशीं आवळलेल्या नळीवर ‘गोळीसाठीं नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असले, तर ती १८७५ ते १८८७ मधील. नळ्यांवरील व चापाच्या सांगाड्यावरील आंकडे जुळले नाहींत, तर मोल उतरतें.

लोखंड व पोलाद पिळून घडविलेल्या दमास्कस नळ्यांवर लहरी खुलतात. पण धूरहीन दारूच्या कसोटीचा छाप नसतां त्यांत नवें काडतूस घालणें म्हणजे प्राणाशीं खेळ. बंदूक घासून चकचकीत केली, कीं छाप पुसट होतात आणि नळीहि पातळ होते. तेव्हां वडिलार्जित बंदुकीला हात लावण्यापूर्वीं ते छाप टिपून ठेवावे. तेंच तिचें जन्मपत्र होय.