शाळेनं घरी पाठवलं. पुढे काय?

सहावीत असताना माझे डोळे आले होते. बाईंनी दारातूनच परत पाठवलं, "बरं झाल्यावर ये." घरी आई होती, कोपऱ्यावर डॉक्टर होते. पाच दिवसांत मी पुन्हा वर्गात. पण ज्याच्या घरी यातलं काहीच नाही, त्या पोराचं काय?

चला, १९०२ च्या न्यूयॉर्कमध्ये.

तिथे १८९७ पासून डॉक्टर शाळेत येऊन मुलं तपासायचे. खुपऱ्या, खरूज, नायटा, उवा, काहीही सापडलं की हातात कार्ड आणि मूल घरी. सप्टेंबर १९०२ मध्ये अशी १०,५६७ मुलं शाळेबाहेर काढली गेली. यातली कित्येक लोअर ईस्ट साइडच्या चाळीवजा इमारतींत राहायची. आईबाप युरोपातून नुकतेच आलेले मजूर. इंग्रजी कार्ड वाचता येईना, औषधाला पैसे नाहीत. आणि संध्याकाळी तीच मुलं वर्गमित्रांसोबत रस्त्यावर खेळायची! म्हणजे संसर्ग थांबला नाही, अभ्यास मात्र थांबला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, तिकीट क्लोज, बग तसाच.

त्या वस्तीत काम करणाऱ्या नर्स लिलियन वॉल्ड यांनी शहराला सुचवलं, महिनाभर आमची एक नर्स शाळेत ठेवून बघा. ऑक्टोबरमध्ये लिना रॉजर्स यांनी चार शाळांचं काम हाती घेतलं. किरकोळ त्रास असेल तर शाळेतच मलमपट्टी करायची आणि मुलाला वर्गात परत पाठवायचं. घरी ठेवणं भागच असेल तर त्याच्या घरी जायचं, आईला औषध कसं लावायचं ते दाखवायचं. घटसर्पासारख्या रोगात मुलाला घरीच ठेवत, पण त्याची चौकशी करणारं कुणीतरी असे.

प्रयोग जमला. शहरानं आणखी नर्स नेमल्या. सप्टेंबर १९०३ मध्ये बाहेर काढलेल्या मुलांचा आकडा होता १,१०१. रोग काही पळून गेले नव्हते. उपचार मुलांपर्यंत पोचले होते, एवढंच.

पुढे १९१८ च्या फ्लूमध्ये अनेक अमेरिकी शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कनं चालू ठेवल्या, त्या याच तपासणीच्या आणि नर्सच्या भरवशावर.

आजारी मुलाला घरी पाठवणं चूक नाही. पण ते परत कधी आणि कसं येणार, याची जबाबदारीही शाळेनं घ्यायला हवी. तुमच्या शाळेत ती कोण घ्यायचं? आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!