इन्स्पेक्टर नाही, सेल्समन नाही, कॉलेजची पोरं!

लहान कारखान्याच्या दारात कुणी वही घेऊन उभं राहिलं, की मालकाच्या मनात दोनच शंका येतात. हा एकतर सरकारी इन्स्पेक्टर असणार, नाहीतर काहीतरी विकायला आलेला. दोघांपुढेही तो खरी माहिती उघड करत नाही. अमेरिकेत १९७६ साली यावर एक साधा तोडगा निघाला. आपल्या एमआयडीसीतल्या मंडळींना आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना तो माहीत असावा, म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी तेलाची. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचे तज्ज्ञ होते. पंचाईत झाली ती लहान कारखान्यांची. बिल वाढलं, पण ते कुठे मुरतंय हे सांगणारा माणूस पदरी नाही आणि सल्लागाराची फी परवडत नाही.

मग चार विद्यापीठांपासून सुरुवात झाली. प्राध्यापक आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी साधारण एक दिवस कारखान्यात जाणार, बॉयलर, मोटारी, कॉम्प्रेसर, दिवे तपासणार आणि नंतर लेखी अहवाल देणार. कुठे किती बचत, खर्च किती, तो किती महिन्यांत वसूल होईल, सगळं आकड्यांत. मालकाला एक पैसा खर्च नाही, खर्च सरकारचा. नव्वदच्या दशकात ऊर्जेबरोबर कचरा आणि उत्पादकताही तपासणं सुरू झालं. आजवर अशा वीस हजारांहून जास्त तपासण्या झाल्यात.

सापडायचं काय? बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टी. उघडे वाफेचे पाइप, बॉयलरमध्ये इंधन-हवेचं चुकलेलं प्रमाण, कॉम्प्रेसरच्या लाइनची गळती. नुसत्या गळतीत कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा वाया जाऊ शकते! हवा फुकट असते, पण ती दाबायला लागणारी वीज फुकट नसते. वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे तेवढा कमी कोळसा, तेवढा कमी धूर.

या कामाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिशेब उघडा ठेवला. कारखान्याचं नाव झाकून प्रत्येक शिफारस नोंदवली आणि मालकाने ती पाळली की नाही, तेही लिहिलं.

त्यामुळेच एक कडू सत्य बाहेर आलं. अँडरसन आणि न्यूएल या अभ्यासकांनी २००४ मध्ये या नोंदींवरून दाखवलं, की शिफारशींपैकी साधारण निम्म्याच अमलात येतात. पुढे होणाऱ्या बचतीपेक्षा आज खिशातून जाणारा पैसा मालकाला ४० टक्के जास्त टोचतो. वर्ष-दोन वर्षांत वसूल होणार असेल तरच तो हात घालतो. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्याला दर महिन्याला पगार आणि हप्ते भागवायचेत, त्याचा हिशेब असाच असणार.

आता आपल्याकडे या. त्याच तेलसंकटानंतर आपल्याकडेही १९७८ मध्ये पीसीआरए आली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि २००२ पासून बीईई आहे. पण ऊर्जा-तपासणीची सक्ती जास्त वीज-इंधन खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना. गल्लीतला पावडर कोटिंगवाला, बेकरीवाला, चार मागांचा मालक यात कुठेच बसत नाही. दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट आलेत, आणि पोरं सर्टिफिकेटसाठी दारोदार फिरतायत. दोन गरजू एकाच तालुक्यात, आणि गाठ पडत नाही.

मात्र नुसती पोरं पाठवून भागणार नाही, हा पन्नास वर्षांचा धडा आहे. विद्यार्थी दार उघडून देतील. पुढचा निम्मा रस्ता पैशाचा आहे. अहवालाच्या जोडीला पतपेढीचं किंवा जिल्हा बँकेचं छोटं, कमी व्याजाचं कर्ज हवं, ज्याचा हप्ता वाचलेल्या बिलातूनच फिटेल. नाहीतर अहवाल गल्ल्याखाली जाऊन बसणार.

आपल्या भागात कुठल्या कॉलेजने असं काही केलं असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. आणि कारखाना असेल तर या रविवारी मशीन बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि लाइनजवळ कान लावून ऐका. सूं आवाज आला, तर ते तुमचेच पैसे आहेत.